गल्ला रोज जुळत होता

सांगलीत विश्रामबागला आमचं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान आहे. गेल्या दिवाळीला आम्ही ५०० कूपनं छापली, २,००० च्या खरेदीवर २०० रुपये सूट. वाटायचं काम काउंटरवरच्या पोराकडे दिलं. चार वर्षं आमच्याकडे, मला काकू म्हणायचा, दुपारी आमच्यातच जेवायचा. दुकानदारांनो, पुढचं नीट वाचा, कारण या सगळ्या काळात आमचा गल्ला रोज रुपयान् रुपया जुळत होता.

दिवाळीनंतर मालगावच्या एक ताई फ्रॉक बदलायला आल्या. बिल नव्हतं. "त्यानं दिलंच नाही," म्हणाल्या. कॉम्प्युटरवर शोधलं तर बिल २,१५० चं, त्याला कूपन लागलेलं.

"अहो, मी २,३५० मोजून दिलेत. कसलं कूपन?"

तो करायचा ते असं. रोख पैसे घ्यायचा, पण बिल छापायचा नाही, कॉम्प्युटरवर होल्डवर, म्हणजे पूर्ण न करता तसंच ठेवायचा. गिऱ्हाईक पायरी उतरलं की त्याच बिलाला कूपन लावायचा आणि वरचे २०० खिशात. गल्ल्यात कूपनही आहे, रोकडही बिलाइतकी, मग शंका येणार कशी? कूपनं गिऱ्हाइकांना दिलीच नव्हती, गड्डी त्याच्या ड्रॉवरमध्ये.

त्या रात्री आम्ही दोघांनी महिन्याची बिलं काढली. १४३ कूपनं वापरलेली, त्यातली १३१ रोखीच्या बिलांवर. आमची निम्मी गिऱ्हाइकं तर फोनवरून पैसे देतात! पण ते पैसे थेट आमच्या खात्यात येतात, तिथे हात मारता येत नाही. वेळही बहुतेक दुपारी दोन ते चारची, मी घरी असते ती. नंबर असलेल्या सोळा जणींना फोन केले. चौदा जणींनी कूपन पाहिलंही नव्हतं.

विचारल्यावर तो ढसाढसा रडला. त्याच्या आईकडे बघून मी पोलिसांत न जाता त्याला सोडून दिलं. चुकलंच माझं. नोकराने मालकाकडे चोरी केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ मध्ये ७ वर्षांपर्यंत कैद आहे, इतका हा गुन्हा गंभीर. पंधरा दिवसांत तो मिरजेत दुसऱ्या काउंटरवर बसला. तिथून मला कुणी फोन केला नाही. आम्ही तरी त्याला ठेवताना आधीच्या मालकाला कुठे विचारलं होतं?

आता कूपनांवर नंबर असतात, सूट द्यायचा पासवर्ड माझ्याकडे आहे, आणि बिल न घेता कुणी निघालं तर मी दारापर्यंत जाऊन हातात देते. तुमच्याकडे कूपन चालू असेल तर आज दुकान बंद करण्याआधी सूट लागलेली बिलं रोख आणि ऑनलाइन अशी वेगळी काढून बघा.