जहाज रात्री कुठं थांबतं ते आधी बघा: रिव्हर क्रूझचा हंगामभराचा अनुभव

संध्याकाळ झाली की ज्यांना उत्साह येतो त्यांच्यातली मी. गाणं, नाच, माणसांची वर्दळ, उशिरापर्यंत गप्पा, यातलं काहीच नसेल तर सहलीला गेल्यासारखं वाटत नाही. आम्ही जर्मनीत न्यूर्नबर्गला राहतो. डॅन्यूबवरच्या कितीतरी सफरी जिथून सुटतात ते पासाऊ आम्हाला रेल्वेनं दोन तासांवर. त्यामुळे एप्रिलपासून थेट ख्रिसमसच्या बाजारांपर्यंत, कधी नवऱ्याबरोबर, कधी सासूबाई-सासऱ्यांना घेऊन, एकदा पुण्याहून आलेल्या भाच्याबरोबर, डॅन्यूब आणि ऱ्हाइनवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या जहाजांनी फिरलो. रंगलेल्या संध्याकाळी हव्या असतील तर रिव्हर क्रूझ घ्यावी का, असं आता ओळखीतले बरेच जण विचारतात. माझं म्हणणं असं की त्या जहाजावर मिळत नाहीत. जहाज ज्या गावात रात्री थांबतं तिथं मिळतात. तेव्हा खोलीचे आणि डेकचे फोटो नंतर बघा, आधी वेळापत्रक वाचा.

पणजीला मांडवीवरची तासाभराची बोट ज्यांनी केली आहे त्यांच्या डोळ्यांसमोर देखणी, फुगडी आणि मग सगळ्यांना स्टेजवर बोलावून नाच, असं चित्र असतं. युरोपातल्या नदीवरच्या जहाजाकडून ती अपेक्षा ठेवू नये. कारण अगदी साधं, जागा. ऱ्हाइनला मिळणारी माइन नदी आणि डॅन्यूब यांना जोडणारा कालवा १९९२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या वाटेवर लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणारे दरवाजेबंद हौद, लागतात; त्यांची रुंदी १२ मीटर, म्हणून जहाज साडेअकरा मीटरच्या आतच ठेवावं लागतं. लांबी फार तर १३५ मीटर. वर पूल ठेंगणे, काही ठिकाणी तर कॅप्टनची केबिनसुद्धा खाली उतरवून घ्यावी लागते आणि डेकवर कुणाला उभं राहू देत नाहीत. एवढ्यात दीडशे-पावणेदोनशे माणसांच्या खोल्या, एक जेवणघर आणि पुढच्या टोकाला लाउंज बसवलं की जागा संपली. नाट्यगृह, डिस्को, कसिनो हे सगळं समुद्रावरच्या जहाजांचं. शिवाय लाउंजपासून खोल्या हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रात्री आवाज चढला की झोपलेल्यांना त्रास होतोच. २०१९ मध्ये डॅन्यूबवर अमामॅग्ना नावाचं २२ मीटर रुंदीचं, म्हणजे जवळजवळ दुप्पट जहाज आलं; तिथंही वाढीव जागा मोठ्या खोल्या आणि जास्त रेस्टॉरंटना दिली. २०१८ मध्ये युनिवर्ल्ड या क्रूझ कंपनीनं दोन जहाजं काळी रंगवून, डीजे ठेवून फक्त २१ ते ४५ वयाच्या प्रवाशांसाठी काढली होती. वयाची वरची अट त्याच वर्षी उठवली. नदीवर येणारा प्रवासी कोण असतो ते यावरून कळतं.

जहाजावरची संध्याकाळ साधारण ठरलेली असते. पावणेसातच्या सुमारास क्रूझ डायरेक्टर उद्याचा कार्यक्रम समजावून सांगतो, सातला जेवण. ते निवांत नऊपर्यंत चालतं, आणि माझ्या मते जहाजावरचा सगळ्यात जिवंत वेळ हाच. टेबलं बहुतेक सहा-आठ जणांची, बसायची जागा ठरलेली नसते. आम्ही रोज मुद्दाम अनोळखी टेबलावर बसायचो. एकदा सॅक्सनीच्या निवृत्त शिक्षक जोडप्याशी अशा गप्पा रंगल्या की वाढपी टेबल आवरायला थांबून राहिले. जर्मन कंपन्यांच्या जहाजांवर मात्र सगळा कारभार जर्मनमध्ये असतो. ती येत नसेल तर इंग्रजी चालणारं जहाजच घ्यावं, नाहीतर हा वेळही हातचा जातो. जेवणानंतर लाउंजमध्ये कीबोर्डवर एकच वादक. चार जोडपी नाचतात, एखाद्या रात्री संगीताची प्रश्नमंजूषा, शेवटच्या रात्री कर्मचाऱ्यांचा छोटा कार्यक्रम. अकराला बार आवरायला घेतात. एका कंपनीच्या पत्रकात ‘रोज लाइव्ह म्युझिक’ असं ठळक छापलं होतं. प्रत्यक्षात हाच वादक आणि रोज तीच गाणी. हे मला पटलेलं नाही. एकच वादक असेल तर तसं लिहावं, माणसं तयारीनं येतील.

गावातलं लोकनृत्याचं पथकही तासभर जहाजावर येतं. कलाकार चांगले असतात, पण आपण खुर्चीत आणि ते समोर. बुडापेस्टला याच नाचाची खरी मजा मी तांत्सहाझमध्ये घेतली. १९७२ मध्ये तिथल्या तरुणांनी खेड्यातले नाच शहरात आणून हे नाचघर सुरू केलं, आणि २०११ मध्ये युनेस्कोनं ही पद्धत वारसा जपण्याचा चांगला नमुना म्हणून नोंदवली. आधी पावलं शिकवतात, मग व्हायोलिन आणि बास घेऊन वादक सुरू होतात, आणि आलेला प्रत्येक जण नाचतो. झिम्मा-फुगडी खेळलेल्या पायांना तो फेर लगेच जमतो. बुडापेस्टला जहाजं शहराच्या मध्यावर, पुलांच्या रांगेत लागतात. तिथून काझिन्त्सी रस्त्यावरचा सिम्प्ला केर्त हा पडक्या वाड्यातला प्रसिद्ध बार चालत जाण्याजोगा. जहाज तिथं दोन रात्री थांबणार असेल तर बाकीच्या शांत रात्रींची भरपाई होते.

व्हिएन्नाचं गणित जरा निराळं. राइखसब्र्यूक पुलाजवळ धक्का, तिथून यू-१ मेट्रोनं शहराच्या मध्यावरचा स्टेफान्सप्लात्स चौक दहा मिनिटांवर. पण काही सफरींत जहाज त्याच रात्री अकराला सुटतं आणि अर्धा तास आधी परत यावं लागतं. म्हणजे सातला सुरू होणारा छोटा ऑपेरा कसाबसा बसतो, वाग्नरच्या लांबलचक ऑपेरांचा विचारही नको. राज्य ऑपेरा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतो, मात्र त्याच दिवसांत राटहाउस म्हणजे नगरभवनासमोरच्या चौकात मोठ्या पडद्यावर संगीताचे चित्रपट फुकट दाखवतात. भोवती खाण्याचे ठेले, हजारो माणसं. नवरा आणि मी तिथं जेवायचं म्हणून जहाजावरचं पैसे भरलेलं जेवण सोडलं, आणि पुन्हाही सोडू. बहुतेक वर्षी जूनमध्ये तीन दिवस डोनाउइन्सेलफेस्ट असतो, संगीताचा प्रचंड मोठा फुकट उत्सव, धक्क्याच्या समोरच्याच बेटावर. स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हाला जुनं गाव धक्क्याला लागून, पण आमचं जहाज दिवेलागणीच्या आत निघालं. ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यातल्या ड्युर्नश्टाइन, मेल्क या गावांत संध्याकाळनंतर काहीच नाही. तिथं रात्र जात असेल तर डेकवर शाल घेऊन बसायची तयारी ठेवा.

चैतन्य हवं असलेल्यांना मी डॅन्यूबपेक्षा ऱ्हाइन आधी सुचवेन. कोलोनला धक्का जुन्या गावापाशीच. तिथल्या ब्रूहाउसमध्ये, म्हणजे बिअरच्या जुन्या खानावळींत, २०० मिलीच्या ग्लासातली क्योल्श ही तिथली बिअर, ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा येतो, नको असेल तर ग्लासाखालची चकती ग्लासावर ठेवायची. पिणारे नसलात तरी त्या लांब बाकांवरचं वातावरण अनुभवण्यासारखं आहे. रुडेसहाइमला ड्रॉसेलगासे नावाची जेमतेम १४४ मीटरची अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंना वाइनची घरं आणि वाजती बँडं. सासरे पंचाहत्तरीचे, त्या गल्लीत अनोळखी लोकांच्या हातात हात घालून डोलले. जुलैच्या पहिल्या शनिवारी याच भागात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी कोब्लेन्झला ‘राइन इन फ्लामेन’ची आतषबाजी असते, त्या रात्रीची जहाजं लवकर भरतात.

ख्रिसमसच्या बाजारांची सफर या बाबतीत सगळ्यात जमून येते. अंधार साडेचारला, सगळं शहर रस्त्यावर, आणि बाजार नऊच्या आसपास मिटतात, म्हणजे जहाजावरच्या लवकर झोपण्याशी भांडण नाही. फक्त सातच्या जेवणाशी आहे.

भाचा बाविशीचा. दुसऱ्याच रात्री कंटाळला, बुडापेस्टला खुलला आणि म्हणाला, मावशी, मी रेल्वेनं येऊन इथंच राहिलो असतो. त्याच्या वयाच्या मुलांना मीही तेच सांगेन. पन्नाशी-साठीतला मैत्रिणींचा गट असेल, रोज सामान उचलायचा कंटाळा असेल आणि दोन-तीन रात्री शहरात फिरायची हौस असेल, तर जरूर जा. बुकिंगच्या आधी प्रत्येक मुक्कामाची सुटायची वेळ आणि धक्क्याचं नाव लेखी मागून घ्या; शहराबाहेरचा धक्का असेल तर रात्री टॅक्सीशिवाय इलाज नसतो. बारमधलं पेय तिकिटात आहे की फक्त जेवणाबरोबरचं, तेही विचारा. गर्दीच्या दिवसांत जहाजं एकाला एक लावून उभी करतात, तेव्हा परतताना दुसऱ्या जहाजातून आत यावं लागतं. बोर्डिंग कार्ड खिशात हवंच. व्हिएन्नाची मेट्रो रात्रभर चालते ती फक्त शुक्रवार-शनिवारी आणि सुट्टीच्या आदल्या रात्री. बाकीच्या दिवशी मध्यरात्रीनंतर रात्रीची बस धरावी लागते.