घरी अस्तराचा कोट शिवायचं किट: वरचं कापड झकास, आतलं अस्तर नापास

कोट पूर्ण होऊन दोन महिने झाले, रोज घालतेय, आणि मधे एकदा त्याचं अख्खं अस्तर उसवून दुसरं लावून झालंय, त्यामुळे आता या किटबद्दल लिहायला हरकत नाही असं वाटतं. पाचपैकी तीन स्टार देतेय. ते तीनही वरच्या कोटाचे आहेत. गेलेले दोन पूर्णपणे अस्तराचे.

आधी किटमध्ये काय येतं ते सांगते. गुडघ्यापर्यंत येणाऱ्या सिंगल ब्रेस्टेड कोटाचं टिश्यू पेपरवर छापलेलं पॅटर्न, वुलन कापड (80 टक्के वूल, 20 टक्के नायलॉन), त्याच रंगाचं पॉलिएस्टरचं अस्तर, इस्त्रीने चिकटवायचं फ्युजिंग (कापडाला आतून आधार देणारा थर), खांद्याचे पॅड, चार मोठी बटणं आणि एक पुस्तिका. दोरा आपला आपण घ्यायचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण मी जे सांगणारे ते दुसरं कुठलंही किट किंवा नुसतं पॅटर्न घेतलं तरी तपासून बघण्यासारखं आहे.

कापड खरंच उत्तम आहे. हातात घेतल्यावर वजन जाणवतं पण ताठ नाही, आणि वाफ दिली की म्हणाल तसं वळतं. पुस्तिकेत लिहिलंय की कापायच्या आधी पूर्ण कापडावर भरपूर वाफ मारून सपाट ठेवून वाळू द्या, आणि हे अजिबात टाळू नका, कारण वूल वाफेने आटतं आणि नंतर फ्युजिंग चिकटवताना आटलं तर पुढच्या पल्ल्यावर बुडबुडे येतात. माझं कापड लांबीला चांगलं दोन बोटं आटलं! ते बेतल्यावर आटलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा.

अजून एक गोष्ट मनापासून आवडली. वरची कॉलर आणि खालची कॉलर यांचे वेगवेगळे तुकडे दिलेत आणि वरचा तुकडा बाहेरच्या तिन्ही कडांना 4 मिमी मोठा आहे. जाड कापड दुमडलं की त्या वळणातच थोडं कापड खर्च होतं, म्हणून वरची बाजू मोठी लागते, नाहीतर कॉलरची टोकं वर उचलतात आणि खालचं कापड डोकावतं. बरीच पॅटर्न्स एकच तुकडा देऊन दोनदा कापायला सांगतात. इथे ज्याने ड्राफ्टिंग केलंय त्याने जाड कापडाचा कोट स्वतः शिवलेला आहे हे कळतं. खांद्याच्या शिवणीत टेप घालायला सांगितलीये, लॅपेल (कॉलरखालचा छातीवर दुमडलेला भाग) जिथे वळते त्या रेषेवर टेप जराशी ओढून, म्हणजे रेषेपेक्षा साधारण 1 सेंमी कमी घेऊन लावायला सांगितलीये, त्यामुळे लॅपेल आपोआप छातीला बसते. बटणं न लावता कोट उघडा घातला तरी ती जागची हलत नाही.

मांजरपाटाचा कच्चा कोट आधी शिवून बघा असं पुस्तिका म्हणते आणि मीही तेच म्हणेन, पण एक पुस्तिकेत नाहीये ते: कच्चा कोट घालून बघताना आत तोच जाड स्वेटर घाला जो खरंच घालणार आहात. मी पहिल्यांदा पातळ कुर्त्यावर घातला आणि मस्त बसला, मग स्वेटरवर घातला तर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतात त्या गोलात, ओढायला लागला, म्हणून छातीत एक साइज मोठी आणि खांदा होता तोच ठेवला. हे खरं कापड कापल्यावर कळलं असतं तर दुरुस्त करता आलं नसतं.

बाही बसवणं हा मला सगळ्यात जास्त आनंद देणारा भाग होता. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा साडेतीन सेंमी मोठा आहे, आणि पहिल्यांदा मोजलं तेव्हा वाटलं पॅटर्नमध्ये चूक आहे, इतकं जास्तीचं कापड चुण्या न पडता कुठे जाणार? तर करायचं असं, की मायेच्या, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडाच्या, आत मोठ्या टाक्याच्या दोन टिपा मारायच्या, दोरे हलके ओढायचे, मग तो गोल टेलर्स हॅमवर (इस्त्रीसाठीची घट्ट भरलेली गोलसर उशी) ठेवून फक्त मायेच्या भागावर इस्त्रीची वाफ सोडत राहायची. इस्त्री टेकवायची नाही, वर धरायची. डोळ्यासमोर ते उठलेलं कापड हळूहळू खाली बसतं आणि गोलाला वाटीसारखा आकार येतो. वुलनमध्येच हे होतं, सुती कापड इतकं ऐकत नाही. मग धावदोऱ्याने हाताने कच्चं टाचून घेतलं, अंगात घालून आरशात दोन्ही बाह्या कशा लोंबतात ते बघितलं, डावी किंचित मागे जात होती ती अर्धा सेंमी पुढे फिरवली, आणि मगच मशीनवर टीप मारली. टाचण्यांवर विसंबू नका, जाड कापडात टाचणी लावली की कापड तिथे उचललं जातं आणि माप बदलतं.

हॅम आणि लाकडाचा क्लॅपर किटमध्ये नाहीत, वेगळे घ्यावे लागतात किंवा करून घ्यावे लागतात, पण घ्याच. क्लॅपर म्हणजे नुसता गुळगुळीत लाकडी ठोकळा. शिवणीवर वाफ दिली, इस्त्री उचलली आणि लगेच ठोकळा दाबून कापड गार होईपर्यंत धरून ठेवला की लाकूड वाफ शोषून घेतं आणि शिवण चपटी बसते. माझ्या पुढच्या कडा आधी फुगलेल्या दिसत होत्या, अगदी घरगुती, आणि क्लॅपरनंतर त्याच कडा धारदार झाल्या. त्याआधी अर्थात आतल्या माया पायऱ्यापायऱ्यांनी कापून कमी करायच्या, एक 5 मिमी, दुसरी 8 मिमी अशा, म्हणजे जाडी एकाच ठिकाणी साचत नाही.

खिसे सोपे आहेत, शिवणीतले, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बटणं चांगली आहेत. काजं मी हाताने केली, घरगुती मशीन इतक्या जाडीवर अडकतं.

आता अस्तर.

पुस्तिकेची 30 पानं वरच्या कोटाला आणि अस्तराला दीड पान, यावरूनच शंका यायला हवी होती. अस्तराचे तुकडे म्हणजे कोटाचेच तुकडे फेसिंग (पुढच्या कडेला आतून लावतात ती कोटाच्याच कापडाची पट्टी) वजा करून, बाकी तेच माप, तोच मुंढा, तीच पाठ. मी तसंच शिवलं. बाहेरून कोट सुंदर दिसत होता, घरातल्या सगळ्यांना आवडला, आणि पहिल्या दिवशी घालून वरच्या फळीवरचा डबा काढायला हात वर केला तर पाठीवर मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं झालं. वाटलं नवीन आहे, सैल होईल. तीन आठवड्यांनी मुंढ्याच्या मागच्या बाजूला अस्तराला भोक. नीट बघितलं तर टीप शाबूत होती, एक टाका तुटला नव्हता, पण टिपेच्या शेजारचे अस्तराचे धागे सरकून सरकून जाळी झाली होती.

मावशीला दाखवला. तिने आयुष्यभर शिवणकाम केलंय. तिने कोट बाहेरून बघितलाच नाही, आधी उलटा केला, पाठीच्या मधोमध दोन बोटांनी अस्तर चिमटीत धरायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, "अगं, चुणी कुठंय? अस्तराला पाठीत चुणी नाही ठेवलीस?" मी म्हटलं पॅटर्नमध्येच नाहीये. "मग ते अंगात घालायचं अस्तर नाही बाई, खुंटीवर टांगायचं आहे."

तिने जे समजावलं ते असं. वुलन कापड विणीतच थोडं देतं, वाफेने आकार घेतं, हात पुढे केला की पाठीत जरा ताणलं जातं. अस्तर अजिबात देत नाही. म्हणून अस्तर कोटापेक्षा मोठं लागतं, आणि ते मोठेपण कुठे ठेवायचं हे ठरलेलं असतं. पाठीचा तुकडा कापताना मधली रेषा कापडाच्या घडीवर न ठेवता घडीपासून 2.5 सेंमी आत सरकवायची, म्हणजे एकूण 5 सेंमी जास्तीचं कापड मिळतं, त्याची गळ्यापासून खालपर्यंत एक चुणी घालायची, वर गळ्यापाशी 5 सेंमी शिवून टाकायची आणि कमरेपाशी थोडी, बाकी मोकळी सोडायची. हात पुढे केला की ती उघडते. दुसरं, काखेत अस्तराचा मुंढा कोटाच्या मुंढ्यापेक्षा साधारण सव्वा सेंमी वर हवा, कारण काखेत कोटाची माया उभी राहते आणि अस्तराला तिच्यावरून उडी मारून जायचं असतं. तिसरं, खालच्या घेरापाशी आणि बाहीच्या तोंडाशी अस्तराची एक सैल घडी खाली लोंबती हवी, ताणून शिवायचं नाही. या तिन्हीपैकी एकही गोष्ट किटच्या पॅटर्नमध्ये नाही. ज्याने कॉलरचे 4 मिमी लक्षात ठेवले त्याने पाठीतले 5 सेंमी सोडून द्यावेत याचं मला खूप वाईट वाटलं, कारण कॉलर दुसऱ्यांना दिसते पण अस्तर आपल्याला दिवसभर जाणवतं, कोट रोज घालावासा वाटतो की कपाटात राहतो हे तिथेच ठरतं.

कापडाबद्दलही तक्रार आहे. किटमधलं पॉलिएस्टर पातळ, सरकणाऱ्या धाग्याचं, स्वेटरवर घासून चटचट आवाज करत चिकटायचं, आणि जिना चढला की आत दमट वाटायचं. दुसऱ्या वेळी मी क्युप्रोचं अस्तर घेतलं, बेंबर्ग या नावाने जे मिळतं ते, असाही कासेई या जपानी कंपनीचा तो ब्रँड आहे. हे कापड कापसाच्या लिंटरपासून होतं, म्हणजे सरकीला चिकटून राहतात त्या आखूड तंतूंपासून, त्यामुळे रेशमासारखं घसरतं पण घाम शोषतं आणि स्थिर वीज फारशी धरत नाही. बाही आत सरकवतानाच फरक कळतो. शिवायला मात्र त्रासदायक आहे, हे आधीच सांगते. कात्री लावली की पळतं आणि कडा भराभर सुटतात. मी खाली वर्तमानपत्राचा कागद, मधे कापड, वर पॅटर्न असं ठेवून कागदासकट कापलं, सुई 70 नंबरची मायक्रोटेक्स (बारीक, तीक्ष्ण टोकाची), टाका 2.5 मिमी. कोटासाठी सुई 100 नंबरची होती आणि टाका साडेतीन, ती बदलायला विसरू नका, जाड सुईने क्युप्रोत भोकं पडतात.

एक घोळ अजून, पुस्तिकेतल्या एका वाक्यामुळे. अस्तर मशीनवरच पूर्ण लावून कोट अस्तराच्या बाहीतल्या उघड्या शिवणीतून उलटवायचा, पद्धत चांगली आहे, पण बाहीची तोंडं जोडताना पुस्तिका म्हणते "शिवणी जुळवून गोल शिवा". मी तसंच केलं आणि कोट सुलटा केला तर उजव्या बाहीला आत पूर्ण पीळ, हातच जाईना. बरोबर करायचं असं: कोट सुलटा ठेवून, जसा अंगात असतो तसा, अस्तर बाहीतून खाली आणायचं, बाहीच्या तोंडाशी काखेकडची शिवण कोटाची आणि अस्तराची एकमेकींवर आणून तिथे एक टाचणी लावायची. मग उघड्या भागातून हात घालून ती टाचणी पकडून दोन्ही तोंडं बाहेर ओढायची. बाहेर आल्यावर ती विचित्र दिसतात, एकमेकींसमोर तोंड करून दोन नळ्या असल्यासारखी, आणि वाटतं हे चुकलंय, पण सरळ करायला जाऊ नका, टाचणीपासून सुरू करून गोल शिवा.

कंपनीला फोटोंसकट मेल केला होता. उत्तर चार दिवसांत आलं, नीट बोलले, बाहीसाठी आकृती असलेलं एक पान पाठवलं, ते खरंच चांगलं आहे. चुणीबद्दल मात्र म्हणाले की सुरुवात करणाऱ्यांना सोपं पडावं म्हणून काढली आहे. हे मला पटलेलं नाही. चुणी म्हणजे एक घडी आणि दोन छोट्या टिपा. जी व्यक्ती बाहीचे साडेतीन सेंमी वाफेने बसवू शकते तिला हे जड कसं जाईल?

तर घ्यायचं असेल तर वरच्या कापडासाठी आणि कोटाच्या पॅटर्नसाठी घ्या, अस्तराचे कागद बाजूला ठेवा आणि वर सांगितलं तसं स्वतः बेता. किटमधलं पॉलिएस्टर मी फेकलं नाही, त्याचं मी पुढच्या कोटाचं अस्तर कच्चं शिवून बघितलं, ताईच्या मापाचं. चुणी धरून. तिने घालून दोन्ही हात पुढे केले, स्वतःलाच मिठी मारल्यासारखे, आणि पाठीतली घडी उघडून परत मिटली. उद्या क्युप्रो कापायला घेतेय.