लोंबणारं हँडल आणि उद्यमबागेतले मेस्त्री

आमची मॉरिस मायनर गाडी १९५५ ची. आजोबांनी घेतली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळे तिच्या पहिल्या कागदांवर मुंबईचाच शिक्का आहे. गेल्या दिवाळीपासून ड्रायव्हरच्या दाराचं बाहेरचं हँडल लोंबायला लागलं. आडवं राहायचं ते घड्याळात चार वाजल्यासारखं तिरकं. दार उघडायचं, लागायचं, पण बाबांना ते बघवत नव्हतं. रोज जाता-येता हातानं वर सरळ करून ठेवायचे, ते लगेच परत खाली.

आधी एका गॅरेजात दाखवलं. त्यांनी हँडलच धरून वर वाकवलं. ही हँडलं जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव, वरून क्रोम. ती वाकत नाहीत, तुटतात. मानेजवळ केसाएवढी चीर पडली. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मग कुणीतरी उद्यमबागेतलं, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतलं, एक लेथ वर्कशॉप सांगितलं. तिसऱ्या रेल्वे गेटाकडून आत गेल्यावर, फौंड्र्यांच्या मागच्या गल्लीत, एकच शटर. तिथल्या मेस्त्रींनी हँडलला हातच लावला नाही. दार उघडून आधी लॉक बघितलं.

"ताई, हँडलचं काय चुकलेलं नाही ओ. आतली स्प्रिंग दमलीय."

आतला पुठ्ठा काढून लॉक बाहेर आलं तेव्हा दिसलं, स्प्रिंगचा एक पाय मोडलेला. शिवाय हँडलची चौकोनी दांडी लॉकच्या भोकात खेळत होती, तिच्या कडा झिजून गोल झालेल्या. नुसती स्प्रिंग बदलून भागलं नसतं.

नवी स्प्रिंग त्यांनी पियानो वायरची, म्हणजे कडक पोलादी तारेची, लेथवर माझ्यासमोर गुंडाळली. पाहिजे त्या मापापेक्षा बारीक सळईवर, कारण सोडली की तार थोडी उलगडते. आणि गुंडाळण्याची दिशा दाराप्रमाणे. या दाराची स्प्रिंग पलीकडच्या दाराला चालत नाही, जोर आला की ती आवळली पाहिजे, उलगडता कामा नये. हे त्यांनी मला तार हातात देऊन, पिळायला लावून दाखवलं. दांडीच्या झिजलेल्या बाजूंना पितळेची पातळ पट्टी बसवली. रंगाला ओरखडा नको म्हणून हँडलभोवती आधीच टेप चिकटवला होता.

सगळे मिळून साडेसहाशे रुपये. चीर मात्र राहिली. या धातूला वेल्डिंगचा ताव सोसत नाही, मी हात घालणार नाही, असं त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मला ते फार आवडलं.

तक्रार एकच, वेळेची. दोन दिवस म्हणाले, पाच लागले, आणि मधे फोन उचलला नाही. बाहेरगावच्या माणसानं, खानापूर-निपाणीहून येणाऱ्यानं, गाडी ठेवून जायच्या तयारीनंच यावं. जमल्यास चांगल्या बाजूचं लॉकही बरोबर आणावं, मोजायला मोडलेल्यापेक्षा ते बरं.

गाडी आणली त्या संध्याकाळी बाबांनी हँडल दाबून सोडलं. टक् करून वर आलं. त्यांनी परत दाबलं, परत सोडलं. आई जेवायला हाका मारत होती.