ब्लेंडर ४.२ रिव्ह्यू: ईव्ही (EEVEE) रेंडर इंजिनसाठी तरी इन्स्टॉल कराच

थ्रीडी शिकायचंय पण माया-मॅक्ससारख्या पेड सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन परवडत नाही म्हटलं की लोक ब्लेंडर हे फुकटचं थ्रीडी सॉफ्टवेअर सुचवतात, आणि सुचवताना सूर असा की पैसे नाहीत ना, मग घे चालवून. हे आता बंद करा राव. २०२५ मध्ये ॲनिमेशनचं ऑस्कर घेतलेली ‘फ्लो’, ती मांजराची लॅटव्हियन फिल्म, ब्लेंडरमध्येच बनलीय आणि रेंडर (म्हणजे थ्रीडी सीनमधून फायनल चित्र काढणं) कशात तर ब्लेंडरच्याच ईव्ही इंजिनात! रेंडर फार्म म्हणजे ढीगभर कॉम्प्युटर वगैरे काही नाही, डिरेक्टरने फायनल रेंडर स्वतःच्या पीसीवर काढला, फोरके फ्रेमला अर्धा ते दहा सेकंद.

ब्लेंडरमध्ये दोन मुख्य रेंडर इंजिनं आहेत. सायकल्स प्रकाशाचा एकेक किरण कुठे आपटून कुठे जातो ते खरोखर मोजत बसतं, म्हणून काच, पाणी, खोलीतला उजेड भारी दिसतो पण साध्या मशीनवर तुम्ही जेवून या, झोपून या, तरी ते चालूच. ईव्ही गेम इंजिनसारखं चालतं, सावल्या आणि रिफ्लेक्शन जुगाडाने काढतं. त्यामुळे फ्रेमच्या बाहेरची वस्तू आरशात नीट येईलच असं नाही. ४.२ मध्ये (जुलै २०२४) ते नव्याने लिहिलंय, रे ट्रेसिंगचा, म्हणजे किरण मोजण्याचा, ऑप्शन आलाय, पण तोही बराचसा स्क्रीनवर जे दिसतं त्याच्यावरच चालतो. कार्टून टाइप, स्टायलाइज्ड काम असेल तर ईव्ही पुरतं, दागिन्यांची जाहिरात करायची असेल तर सरळ सायकल्स लावा.

मराठीवाल्यांसाठी मोठी बोंब म्हणजे टेक्स्ट. ४.२ च्या टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये देवनागरी जोडाक्षरं जुळत नाहीत, ‘श्री’ लिहा आणि बघा काय अवतार होतो ते. गणपती मंडळाचं थ्रीडी टायटल करायचं असेल तर इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये लिहून, अक्षरांचा पाथ (नुसता आकार) करून, एसव्हीजी फाइल ब्लेंडरमध्ये आणायची आणि जाडी द्यायची, नंतर एक मात्रा जरी बदलायची असली की सगळं पहिल्यापासून. एवढं मोठं सॉफ्टवेअर आणि हे असं, मला तरी पटत नाही.

सबस्क्रिप्शनची भीती मात्र डोक्यातून काढा. २००२ मध्ये मूळ कंपनी बुडाली तेव्हा लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून कोड सोडवून घेतला, आता तो जीपीएल या सगळ्यांना खुल्या लायसन्सखाली आहे, उद्या कोणी कुलूप लावतो म्हटलं तरी जमणार नाही. आणि २०१९ च्या २.८० च्या आधी ते राइट क्लिकने सिलेक्ट करण्याचं प्रकरण बघून ज्यांनी सोडलं होतं त्यांनी परत उघडून बघा, आता डिफॉल्ट लेफ्ट क्लिकच आहे. उघडल्या उघडल्या समोरचा क्यूब डिलीट करायची प्रथा तेवढी अजून तशीच.

जुना लॅपटॉप असेल तर आधी ग्राफिक्स कार्डला ओपनजीएल ४.३ (थ्रीडी दाखवायला लागणारी ग्राफिक्स सिस्टीम) चालतं का चेक करा, नाहीतर ४.२ उघडणारच नाही, मग जुनं ३.६ टाका, ते साइटवर मिळतं.