टॅनिंग स्प्रे, कोडाचे डाग आणि दिवाळीचं उटणं: आठ महिन्यांनंतर

बायका गोरं व्हायला क्रीम लावतात, मी सावळं व्हायला पैसे मोजते. मनगटांवर आणि पावलांवर कोडाचे डाग आहेत. ते गव्हाळ रंगात मिसळून जावेत म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना विचारून हा स्प्रे सुरू केला.

यात असते डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन नावाची साखर. कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरातल्या अमिनो आम्लांशी तिचा संयोग झाला की तांबूस रंग येतो. तव्यावर भाकरीला डाग पडतात तसंच काहीसं. रंग चढायला सहा-आठ तास लागतात आणि रात्रभर अंगाला करपलेल्या बिस्किटाचा वास येतो. साबणाने तो रंग धुतला जात नाही; तो थर झडला की जातो.

हेच मला उशिरा कळलं. पहिला महिना तिसऱ्या दिवशीच चट्टे दिसायचे. बाटली बदलली, तरी तेच. गडबड माझ्या आंघोळीत होती: कढत पाणी आणि खसाखसा घासणी. आता घासायचं ते आदल्या संध्याकाळी, हलक्या हाताने. लावायच्या दिवशी तेल-क्रीम काही नाही. फवारा नाकातोंडात जाऊ नये म्हणून वाटीत मारते, कापसाच्या काडीने फक्त डागावर टेकवते आणि कडा ओल्या बोळ्याने लगेच पुसते. नाहीतर डागाभोवती काळपट किनार उमटते. घोट्याची कातडी जाड, ती रंग जास्त पिते, तिथे थोडंसंच. मग आठ तास पाणी नाही. पुढे कोमट पाण्याची आंघोळ, अंग टिपायचं, पुसायचं नाही, आणि दोन वेळा साधं मॉइश्चरायझर. आता पावलांवर सहा दिवस टिकतो. मनगटांवर चारच, हात दिवसभर पाण्यात, इलाज नाही.

दिवाळीत मात्र फजिती झाली. आदल्या रात्री मन लावून रंग लावला आणि नरकचतुर्दशीला पहाटे आईने तेल लावून उटणं चोळलं. आंघोळीनंतर पाहते तर मनगटं पुन्हा पांढरी, कडेला तेवढे तपकिरी ठिपके. भाऊबीजेला लांब बाह्यांचा कुर्ता काढला.

आणखी एक: हा रंग म्हणजे मेलॅनिन, म्हणजे कातडीला उन्हापासून वाचवणारं तिचं स्वतःचं रंगद्रव्य, नव्हे. सिंहगडावर उन्हात फिरले त्या दिवशी रंगाखालचे डाग चांगलेच भाजले. एसपीएफ 50चं सनस्क्रीन आता चुकवत नाही.

तिसरी बाटली चालू आहे. आई म्हणते, यंदा तुझ्या मनगटांना उटणं नाही, नुसता टिळा लावते.