शिमग्याची कॅसेट आणि कुकरच्या तीन शिट्ट्या

आमच्या गुहागरकडच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत सात व्हीएचएस कॅसेटी होत्या. थोरले काका सौदीहून येताना खांद्यावर घ्यायचा पॅनासॉनिकचा कॅमेरा घेऊन आले होते आणि पुढची चार-पाच वर्षं त्यांनी दिसेल ते टिपलं. आत्याचं लग्न, दोन गणपती, आंब्याच्या पेट्या भरणारी गडीमाणसं, आणि १९९४चा शिमगा. त्या शिमग्याच्या कॅसेटमध्ये आजोबा पालखी नाचवतात. आजोबांचं हलतंबोलतं असं तेवढंच उरलेलं. सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं, कापून-जोडून अर्ध्या तासाची फिल्म करायची आणि शिमग्याला अंगणात पडदा लावून दाखवायची, असा माझा बेत होता.

गेल्या गणपतीत डोंबिवलीहून गावी गेलो तेव्हा तालुक्याच्या गावात एका दुकानावर पाटी दिसली, ‘जुन्या कॅसेटी फोर-के मध्ये’, म्हणजे एकदम बारीक, स्पष्ट चित्रात. दुकानाचं नाव लिहीत नाही. गाळ्यात काउंटर, मागे पडदा, पडद्याआड म्हणे मशीन. मी मशीन बघायला मागितलं, तर म्हणाला, “धूळ लागते साहेब, आत कोणाला सोडत नाही.” इथेच मी उलट्या पावली फिरायला हवं होतं. पण गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परतीचं तिकीट होतं. चाकरमान्याला गाडी पकडायची असते, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

कॅसेटीच्या खिडकीतून आत बघत त्याने मान हलवली. टेपेच्या कडेवर पांढरे ठिपके होते, तांदळाचं पीठ सांडल्यासारखे. बुरशी. आपल्याकडे चार महिने भिंती घाम गाळतात, तिथे कॅसेटचं काय होणार? ठिपके खरे होते, त्याचं निदानही खरं होतं, म्हणून तर माझा विश्वास बसला. दर कॅसेटला सहाशे, बुरशी काढायचे वर दीडशे. सात कॅसेटींचे सव्वापाच हजार, सगळे आगाऊ, ऑनलाइन. बिल मागितलं नाही.

“उद्या संध्याकाळी न्या.”

जरा हिशेब करा. कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची म्हणजे ती चालवावीच लागते. तासाभराच्या टेपेला तासभर, त्यात पळवाट नाही. आमच्या कॅसेटी तीन-तीन तासांच्या. पुऱ्या भरलेल्या नसल्या तरी पंधरा तासांचा ऐवज सहज होता. वर बुरशी साफ करायची. हे सगळं एका दिवसात? तेव्हा हा प्रश्न पडला नाही. संध्याकाळी पेन ड्राइव्ह आणि कॅसेटी घेतल्या, त्याच्या लॅपटॉपवर दोन मिनिटं आत्याचं लग्न बघितलं, कॅसेटी ट्रंकेत टाकल्या आणि निघालो.

डोंबिवलीत फाइली उघडल्या. प्रत्येक जेमतेम वीस-बावीस मिनिटांची, शिमग्याची तर अकराच. चित्रावरून एक काळसर पट्टा सावकाश सरकत होता. कोपरे गोलसर. आत्याच्या डोक्यावर सतत एक उभी पांढरी रेघ होती. कितीतरी वेळ मला ती मांडवातली ट्यूबलाइट वाटली. पण मुंडावळ्या बांधताना कॅमेरा फिरतो, मांडव फिरतो, आणि रेघ जागची हलत नाही. मग आवाज कानात शिरला. मंगलाष्टकांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. मग तिसरी, आणि एक बाईमाणूस म्हणालं, “अहो, गॅस बंद करा.”

दुकानदाराने घरच्या जुन्या डब्बा टीव्हीवर कॅसेट लावून समोर मोबाइल धरला होता. ती रेघ म्हणजे टीव्हीच्या काचेत पडलेली त्याच्या घरची ट्यूब.

पुढे थोडं वाचलं तेव्हा कळलं की फाइलच्या माहितीतच सगळी चोरी लिहिलेली होती. भारतातल्या व्हीएचएस कॅसेटी पाल पद्धतीच्या (भिंतीवरच्या पालीशी संबंध नाही). त्यात सेकंदाला २५ चित्रं असतात आणि कॉम्प्युटरवर घेताना साधारणपणे ७२० बाय ५७६ची (आडव्या-उभ्या बिंदूंचा आकडा) फाइल होते. माझ्या फाइली ३८४० बाय २१६०च्या होत्या, सेकंदाला ३० चित्रं. हा मोबाइलचा हिशेब. टीव्ही सेकंदाला ५० वेळा झळकतो, मोबाइल ३० वेळा टिपतो, त्या दोघांचं जमत नाही म्हणून तो सरकता पट्टा. आणि कॅसेटीवरून ‘फोर-के’ मिळणार कुठून? फोडणीच्या पळीभर तेलाला घागरीत ओतून घागरभर तेल होत नाही.

फोन केला. “पुढे टेप कोरी आहे साहेब. पट्टा आहे तो जुन्या टेपेमुळे.” कुकरचं विचारलं तर लाइन कट.

शिमग्याला गावी गेलो ते व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवायचं मशीन, शोधतच. नवीन मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये बनवणं थांबवलं, तिथे तो कारभार संपला. मावशीकडे एक निघाला, पण आतलं रबर चिकट झालेलं. शेजारच्या वाडीत एक जुने टीव्ही मेकॅनिक आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. नानांनी बेल्ट बदलला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, पुसला. मग एकेक कॅसेट हातात घेऊन, खिडकीतून बघून, टेप हाताने पुढे ओढून पुसत बसले. एका कॅसेटला दोन दिवस. बुरशी कोणी काढली नव्हतीच, दीडशे रुपयांचा ठिपकाही जागचा हलला नव्हता.

सहा कॅसेटी चालल्या. ‘कोरी’ म्हणून सांगितलेल्या भागात लग्नाची पंगत होती, आरत्या होत्या, आजी काकांवर ओरडत होती की तो डबा खाली ठेव आधी.

सातवी नानांनी हातात घेतली आणि थांबले.

“ही तुमची नाय रे.”

“लेबल बघा ना, काकांचं अक्षर आहे.”

“लेबल तुमचंच. ह्या खाचेकडं बघ.”

कॅसेटच्या कण्यावर डाव्या बाजूला एक छोटी प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडली की त्या टेपेवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. काका प्रत्येक कॅसेट भरली की ती पट्टी मोडायचे. सहांची मोडलेली. हिची शाबूत. लेबलाच्या कडेला नवा गोंद चकाकत होता.

रात्री अकरा मिनिटांची ती फाइल पुन्हा शेवटपर्यंत लावली. आजोबांच्या खांद्यावर पालखी आहे, ढोल चाललाय. एकाएकी चित्र वाकडं होतं, ढोल गाढवासारखा रेकतो, पडदाभर मुंग्या, आणि टीव्हीसमोरून एक हात धावतो. “आयला!” इथे फाइल संपते. बुरशीची टेप तशीच घातली, मशीनने खाल्ली, आणि आमचं लेबल सोलून दुसऱ्या कॅसेटवर चिकटवलं. त्याच्याच मोबाइलने त्याची साक्ष दिली होती.

हे दाखवल्यावर त्याने दोन हजार परत केले. फाटकी टेप मागितली, जोडता आली असती, तर म्हणे कचऱ्यात गेली. आता फोन उचलत नाही. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, तक्रार नोंदवली आहे.

कोणाकडे कॅसेटी द्यायच्याच असतील तर आधी एकच द्या, आणि ती तुमच्यासमोर लावायला सांगा. नंबर लेबलावर नको, कॅसेटच्या प्लास्टिकवर मार्करने घाला आणि फोटो काढून ठेवा. फिल्म कापायची असेल तर दाबून लहान केलेली फाइल घेऊ नका. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) पद्धतीची घ्या, तासाला १३ जीबीच्या आसपास जागा खाते, पण कापाकापीत चित्र विस्कटत नाही. बाकी सहा मी आता नानांच्या ओटीवर बसून स्वतःच घेतोय, पिवळी पिन चित्राची, पांढरी-लाल आवाजाची.

आणि ती सातवी. नानांनी पुसून लावली, तर आत कोणाचं तरी लग्न निघालं. हिरव्या चुड्याची नवरी, मागे माडाच्या झावळ्यांचा मांडव, वऱ्हाड होडीतून उतरतंय, कोणीतरी म्हातारे फेटा सावरत कॅमेऱ्याकडे बघून हसतात. नाव कुठेच येत नाही. मांडवातल्या फलकावर नेमका हार लोंबतोय. त्या घरच्यांनाही कोणीतरी सांगितलं असेल, तुमची टेप कोरी आहे म्हणून. कॅसेट आमच्याकडे आहे, पट्टी मी मोडून ठेवली आहे. होडीतून वऱ्हाड आलेलं लग्न कोणाच्या घरचं असेल तर सांगा.