उद्योगांना ग्राहक शोधून देणारी ऑनलाइन सेवा: वर्षभराच्या वापरानंतर

आमचा व्यवसाय कारखान्यांना फ्लो मीटर, म्हणजे पाइपमधून वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह मोजणारी उपकरणे, पुरवण्याचा आहे. आजवर आमची विक्री जुन्या ओळखी, औद्योगिक प्रदर्शने आणि विक्री प्रतिनिधींच्या फेऱ्या यांच्या बळावर चालत आली. गेल्या वर्षी मात्र आम्ही एका डिजिटल मार्केटिंग संस्थेशी वर्षभराचा करार केला. ई-मेल मोहिमा, लिंक्डइनवरील जाहिराती, तांत्रिक विषयांवरील वेबिनार आणि एआय साधने देत असलेल्या उत्तरांत आमचे नाव यावे म्हणून संकेतस्थळाची नव्याने मांडणी, अशी चार कामे त्या करारात होती. संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण तिच्या कामात जे दोष मला आढळले त्यांचे मूळ तिच्या माणसांपेक्षा अशा सेवांच्या मोजमापाच्या पद्धतीत आहे, असे माझे मत झाले आहे.

हे मोजमाप म्हणजे ‘लीड’. कोणी फॉर्म भरला, माहितीपत्रक उतरवून घेतले किंवा ई-मेलमधील दुव्यावर क्लिक केले, की एक लीड जमा होते आणि महिन्याच्या अहवालात तिची भर पडते. घरगुती वस्तूंच्या विक्रीत ही पद्धत बऱ्याच अंशी चालते, कारण तेथे पाहणारा, ठरवणारा आणि पैसे देणारा बहुतेक वेळा एकच असतो. कारखान्यात मीटरची गरज देखभाल अभियंत्याला भासते, तो कोणत्या प्रकारचा असावा हे इन्स्ट्रुमेंटेशन विभाग, म्हणजे मोजमापाची उपकरणे सांभाळणारा विभाग, ठरवतो, खरेदी विभाग तीन ठिकाणांहून कोटेशन मागवतो आणि मंजुरी लेखा विभागाकडून येते. या साऱ्यात कित्येक महिने जातात. शिवाय मार्केटिंगवर संशोधन करणाऱ्या एरेनबर्ग-बास संस्थेचे प्राध्यापक जॉन डॉज यांनी २०२१ मध्ये मांडल्याप्रमाणे, एखाद्या वेळी पाहिले तर व्यवसाय-ग्राहकांपैकी सुमारे ९५ टक्के ग्राहक त्या घडीला खरेदीच्या विचारातच नसतात. अशा बाजारात या महिन्यात किती नावे गोळा झाली हे सांगणारा अहवाल वाचताना समाधान देतो, पण पुढच्या वर्षी खरेदी करणारा कारखाना त्या वेळी आपली आठवण काढेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

सर्वांत निराशा ई-मेल मोहिमांनी केली. एकाच वेळी अनेकांना विक्रीचा ई-मेल धाडण्याची कल्पना जुनीच आहे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थुर्क यांनी १९७८ च्या मे महिन्यात आर्पानेटवरील, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वीच्या संगणक-जाळ्यावरील, सुमारे ४०० जणांना नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठवले होते. तो संदेश आज पहिला स्पॅम म्हणून ओळखला जातो आणि तोही व्यवसाय-ग्राहकांसाठीच होता. आम्ही नेमलेल्या संस्थेने विकत घेतलेल्या यादीवर, आमच्या नावाशी मिळतेजुळते पण नवेच डोमेन (ई-मेल पत्त्यातील @ नंतरचा भाग) वापरून, स्वयंचलित ई-मेलची मालिका सुरू केली. मूळ डोमेनची पत जपण्यासाठी असे करतात हे मला समजते. मात्र पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नोंदी पहिले काही आठवडे पूर्ण केलेल्याच नव्हत्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने व्यक्तिगत खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक संदेश पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या आहेत आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत पोहोचू देऊ नये असे बजावले आहे. आमची संख्या त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हती. पण कंपन्यांचे मेल सर्व्हरही याच नोंदी तपासतात, ही गोष्ट व्यवसाय-ग्राहकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पहिल्या दिवसापासून ठाऊक असायला हवी होती.

त्याहून मोठी अडचण आकड्यांची होती. एका मोहिमेचा क्लिकचा आकडा इतका चांगला आला की मी मूळ नोंदी मागवून घेतल्या. एका कंपनीच्या पत्त्यावर ई-मेल पोहोचल्यानंतर दोन सेकंदांत त्यातील सातही दुव्यांवर क्लिक झाल्याची नोंद होती आणि त्या सातांत ‘यादीतून नाव काढा’ हा दुवाही होता. कोणताही माणूस असे करत नाही. ते काम त्या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीचे होते; संशयास्पद मजकूर शोधण्यासाठी अशा प्रणाली प्रत्येक दुवा स्वतःच उघडून पाहतात. ई-मेल किती जणांनी उघडला या आकड्याचेही तसेच आहे. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सुविधेमुळे ई-मेलमधील चित्रे वाचकाने संदेश उघडण्याआधीच उतरवली जातात, त्यामुळे न वाचलेला ई-मेलही वाचलेला दिसतो. संस्थेने हे दोन्ही आकडे कोणतीही छाननी न करता ‘स्वारस्य दाखवणारे ग्राहक’ या मथळ्याखाली आमच्यापुढे ठेवले आणि आमच्या विक्री प्रतिनिधीने त्या नावांना फोन करण्यात जवळजवळ महिना घालवला.

एक प्रसंग मात्र मनाला लागला. विकत घेतलेली यादी आमच्या ग्राहकांच्या नोंदींशी ताडून पाहिलेली नव्हती. दहा वर्षे आमचे मीटर वापरणाऱ्या एका कारखान्याच्या देखभाल प्रमुखांना ‘आपली ओळख करून घेण्याची संधी मिळावी’ असा ई-मेल गेला. त्यांनी मला स्वतः फोन केला. ‘साहेब, आमच्याकडे तुमचे मीटर लागलेले आहेत आणि तुम्ही आता आमची ओळख मागता?’ एवढेच ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होते, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले. दोन याद्या ताडून पाहण्याचे काम अर्ध्या दिवसाचे होते.

लिंक्डइनवरील जाहिरातींबद्दल थोडक्यात सांगता येईल. पद, विभाग, उद्योग आणि कंपनीचा आकार यांनुसार जाहिरात कोणाला दिसावी हे ठरवता येते आणि ही सोय आमच्यासारख्या व्यवसायाला खरोखर उपयोगी आहे. संस्थेने हे काम नेटके केले. आमच्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागाने सुचवलेली पदनामे त्यांनी विनातक्रार घेतली आणि जी जाहिरात चालत नव्हती ती वेळेवर थांबवली.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग वेबिनारचा ठरला, पण तो पहिल्याच प्रयत्नात जमला नाही. पहिला विषय संस्थेने निवडला होता: डिजिटल परिवर्तन आणि उद्योगांचे भविष्य. उपस्थिती बरी होती, प्रश्न मात्र एकही आला नाही. दुसऱ्या वेळी आम्ही आग्रहाने ‘मीटरचे आकडे का चुकतात’ हा विषय घेतला आणि बोलण्यासाठी आमच्या सर्व्हिस विभागातील ज्येष्ठ अभियंत्यांना बसवले. त्यांना कॅमेऱ्यापुढे बोलण्याची सवय नव्हती आणि संस्थेचा कल सराईत निवेदक घेण्याकडे होता. पंधरा-वीस मिनिटे झाल्यावर एका श्रोत्याने लिहिले, ‘आमच्याकडे मीटरच्या अगदी आधी एल्बो (पाइपचे वळण) आहे, सरळ पाइप मिळतच नाही. मीटर बदलावा का?’ आमच्या अभियंत्यांनी समोरचे स्लाइड बाजूला ठेवले, एका कोऱ्या कागदावर पेनाने ती पाइपलाइन काढली आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. विद्युतचुंबकीय मीटरच्या आधी साधारणपणे पाइपच्या व्यासाच्या पाचपट सरळ लांबी असावी लागते, एल्बोमुळे प्रवाहात भोवरे निर्माण होतात आणि त्यामुळे वाचन डळमळते, हे त्यांनी सांगितले. मग म्हणाले, ‘मीटर बदलू नका. आधी त्याची जागा बदलून पाहा.’ विक्रीसाठी घेतलेल्या कार्यक्रमात आमच्याच माणसाने खरेदी टाळण्याचा सल्ला दिला होता. त्यानंतर प्रश्नांची रीघ लागली आणि ठरलेल्या वेळेपेक्षा आम्ही बराच वेळ अधिक बसलो.

पुढच्या दहा दिवसांत त्या श्रोत्याच्या कंपनीतील तिघांनी आमच्या संकेतस्थळावरून मीटर बसवण्याची मार्गदर्शिका उतरवून घेतली आणि काही आठवड्यांनी तिच्या खरेदी विभागाकडून एका नव्या लाइनसाठी कोटेशनची मागणी आली. संस्थेच्या अहवालात हे तिघे एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन लीड म्हणून तीन वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलेले होते. त्यांपैकी एकाचे पदनाम ‘प्रशिक्षणार्थी अभियंता’ असल्यामुळे त्याला सर्वांत कमी गुण दिले होते आणि त्याच्याकडे पाठपुरावा करू नये असा शेरा मारला होता. प्रत्यक्षात वेबिनारमध्ये एल्बोचा प्रश्न त्यानेच विचारला होता. एका कंपनीतून तीन विभागांची माणसे एकाच कागदपत्राकडे वळतात, तेव्हा ती कंपनी एखादा निर्णय घेण्याच्या वाटेवर असते. कंपनीलाच एकक मानून मोहीम आखण्याची अकाउंट-बेस्ड मार्केटिंग ही पद्धत या क्षेत्रात कित्येक वर्षे रुळलेली आहे आणि संस्थेच्या प्रस्तावात तिचा उल्लेखही होता. अहवाल मात्र अखेरपर्यंत व्यक्तींची नावेच मोजत राहिला.

एआय साधनांच्या उत्तरांसाठी केलेल्या कामाचे मूल्यमापन अजून कठीण आहे. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत शोधाच्या निकालांच्या वर एआयने तयार केलेला सारांश दाखवायला सुरुवात केली आणि अभियंतेही आता पुरवठादारांची पहिली यादी चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून मागू लागले आहेत, म्हणून हा विषय टाळण्यासारखा नाही. मात्र कोणत्या उत्तरात कोणाचे नाव येईल याची हमी बाहेरचे कोणीही देऊ शकत नाही आणि संस्थेच्या विक्री प्रतिनिधीने ती दिली, हे मला खटकले. हमीचा भाग सोडून देऊन पाहिले तर काम चांगले झाले. प्रत्येक मॉडेल कोणत्या द्रवासाठी चालते आणि कोणत्यासाठी चालत नाही, हे आमच्या पानांवर आता साध्या वाक्यांत लिहिलेले आहे. ते आधी फक्त आमच्या सर्व्हिस विभागाच्या डोक्यात होते.

करार आम्ही पूर्वीच्या स्वरूपात वाढवलेला नाही. ई-मेलचे काम आम्ही स्वतःकडे घेतले असून ज्यांनी मागणी केली आहे त्यांनाच, आमच्या मूळ डोमेनवरून, दोन महिन्यांतून एकदा तांत्रिक टिपण जाते. वेबिनार आणि लिंक्डइनवरील जाहिराती याच संस्थेकडे ठेवल्या आहेत, कारण चूक दाखवल्यावर ती मान्य करणारी माणसे तेथे आहेत. अहवालाचा नमुना मात्र या वेळी आम्ही तयार करून दिला आहे. त्यात प्रत्येक ओळ एका कंपनीची आहे, पुढे त्या कंपनीतील कोणकोणत्या विभागांनी आमच्याशी संपर्क साधला हे आहे आणि शेवटच्या रकान्यात त्यांनी विचारलेला प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांत.